उजव्या खांद्यावरचा पदर

थेरगावात डांगे चौकातून आत वळलं की माझं कपडे शिवायचं दुकान लागतं. पाटीवर अजून 'लेडीज टेलर' असंच आहे, पण ब्लाऊज मी आता फारसे घेत नाही. माझ्याकडे बायका येतात त्या लांब कुर्त्यांसाठी. गुडघ्याच्या खाली जाणारा, पूर्ण बाहीचा, बंद गळ्याचा, अंगाला न चिकटणारा आणि तरीही भरतकामानं सजलेला कुर्ता. आयटीतल्या मुली त्याला ट्युनिक म्हणतात, त्यांच्या आया लांब ड्रेस म्हणतात. कुणाला धर्मामुळे अंगभर हवा असतो, कुणाला सासूमुळे, कुणाला ऑफिसच्या एसीमुळे. मी कारण विचारत नाही.

या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई माझ्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "सुलभाताई, दुकानातल्या गमतीजमती लिहा." मी हो म्हणून बसले. पण एकेक आठवायला लागले तसा माझाच चेहरा गरम व्हायला लागला. तेव्हा आता जे सांगते आहे, त्यातून गंमत ज्याची त्यानं काढून घ्यावी.

बाहेरच्यांना वाटतं, अंगभर कपडा शिवणं सोपं. फिटिंगची कटकट नाही, गळ्याची फॅशन नाही. उलट आहे. अंग दिसत नाही तेव्हा बघणाऱ्याची नजर भरतकामावर जाऊन बसते. काम जिथे, नजर तिथे. शिवाय काम जड असतं. समोर जरी आणि मणी भरले की कुर्ता पुढे ओढला जातो, मागचा गळा वर चढतो आणि बाई सगळ्या कार्यक्रमात खांदे मागे खेचत फिरते. म्हणून मागच्या बाजूलाही थोडं वजन द्यावं लागतं. भरतकामानं कापड आवळतं, म्हणून आधी काम करून घ्यायचं आणि मगच कात्री लावायची. हे सगळं मी चुकत चुकत शिकले.

सगळ्यात मोठी चूक नाझियाच्या कुर्त्यात झाली. नाझिया सोलापूरची, हिंजवडीत कामाला, मारुंजीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. असा कुर्ता मागणारी ती माझी पहिली. मी हौसेनं कागदावर दोन मोठ्या कोयऱ्या काढल्या, एकमेकींकडे तोंड केलेल्या. भरतकामवाल्यानं कापड लाकडी चौकटीत ताणून त्या सोनेरी जरीनं भरल्या. सपाट कापडावर त्या इतक्या देखण्या दिसत होत्या की मी शेजारच्या दुकानदारणीला बोलावून दाखवल्या. ट्रायलच्या दिवशी नाझिया पडद्याआडून बाहेर आली, आरशात बघितलं आणि काही न बोलता ओढणी पुढे घेतली. दोन्ही कोयऱ्या बरोबर छातीवर बसल्या होत्या.

तिची आई सोलापूरहून आलेली, स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "ताई, पोरीला मी अंगभर कपडा घे म्हणून सांगितलं. तुम्ही तर बाण दाखवून ठेवलात."

नाझिया हसली, पण मला काही हसू फुटेना. कोयऱ्या उसवल्या तर कापडावर टाक्यांची भोकं राहिली. ते झाकायला मी गळ्यापासून खालपर्यंत गोट्याच्या, म्हणजे सोनेरी फितीच्या, उभ्या पट्ट्या लावल्या आणि मधोमध बारीक बटणांची रांग. तोच कुर्ता बघून मारुंजीच्या मुलींची रीघ लागली. आजही कुणी त्या पट्ट्यांचं कौतुक करतं तेव्हा मी नुसतं "हो, चालतो तो पॅटर्न" म्हणते.

या धंद्यात आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बाईच्या अंगात काय चाललंय ते टेलरला घरच्यांच्या आधी कळतं. दिवस गेलेत, खाणं सुटलंय, आजार धरलाय, सगळं टेपला कळतं. भर उन्हाळ्यात एखादी अचानक मनगटापर्यंत बाही मागते तेव्हा मी मान खाली घालून लिहून घेते. तोंड बंद ठेवणं हा धंद्याचा धर्म आहे, असं मी स्वतःला समजावत आले. कौसाकाकींच्या वेळीही मी तेच केलं.

कौसाकाकी म्हणजे आमची पहिली घरमालकीण. मी लातूरकडची. लग्न होऊन आले तेव्हा माझे मिस्टर चाकणला एका कंपनीत लागले होते आणि आम्ही थेरगावात कौसाकाकींच्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहायचो. त्यांची मूळची शेती. वाड्यावस्त्या जाऊन इमारती आल्या तशा त्यांनी शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, हातात काठी, आणि आवाज असा की पहिल्या शिफ्टची माणसं त्यांच्या हाकेनं उठावीत.

एकदा मी नळावर मॅक्सी घालून पाणी भरायला गेले. आमच्याकडे अशी पद्धत नव्हती, पण शेजारच्या बाया जातात म्हणून मीही गेले. कौसाकाकींनी अख्ख्या रांगेसमोर हाक मारली.

"ए लातूरवाले! अंगावर वढणी घे आदी. झोपायचं कापड घालून नळावर येत्यात व्हय? पोरं ऱ्हात्यात हितं."

मी गडबडून म्हणाले, "जावलालाव की, काकी," म्हणजे जातेय की. माझी ती बोली ऐकून रांग हसली. मी रिकामी बादली घेऊन परत आले. त्यानंतर आम्ही त्या खोलीत राहिलो तोवर मी खांद्यावर टॉवेल टाकल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. पुढे आम्ही जवळच फ्लॅट घेतला, मी दुकान टाकलं. तरीही रस्त्यात काकी दिसल्या की माझा हात आपोआप ओढणीकडे जायचा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांची सून मंगल त्यांना घेऊन दुकानात आली. काकींनी कशाबशा गुंडाळलेल्या लुगड्यावर जाड लोकरी स्वेटर घातला होता. घामानं कपाळ भिजलेलं. काठी उजव्या हातात, डावा हात पोटाशी धरलेला.

मंगल म्हणाली, "श्रावणीचा साखरपुडा ठरलाय. सासूबाई यायला तयार नाहीत. काहीतरी करा."

श्रावणी म्हणजे काकींची नात, काकींनीच वाढवलेली. मी म्हटलं, "काकी, नातीच्या साखरपुड्याला नाही येणार?"

"काय घालून येऊ?" काकी म्हणाल्या. "ही म्हंती ड्रेस घाला. आमी काय पोरी हाय व्हय ड्रेस घालायला? पदर न्हाई तर मला भर बाजारात उगडं पडल्यागत व्हतं."

मंगलनं मला मशीनच्या मागे नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. काकींना छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन करून डावी बाजू पूर्ण काढली. तेव्हापासून डाव्या हाताला सूज, दंड दुप्पट झालेला. ब्लाऊजची बाही चढत नाही, हात वर होत नाही, साडी धड नेसता येत नाही. "घरात मला आणि ह्यांनाच माहीत आहे. श्रावणी तेव्हा ट्रेनिंगला बंगळूरला होती. तिला सांगितलं, आजी बाथरूममध्ये पडली, हात मोडला. सासूबाईंनीच शपथ घातली. कुणाला कळलं तर मी विहिरीत जीव देईन म्हणाल्या."

मी काकींना पडद्याआड घेऊन गेले. त्या स्वेटर काढेनात.

"वरनंच घे माप."

"काकी, लोकरीवरून कसं येईल? मी बघत नाही. हे बघा, भिंतीकडे तोंड करते."

खरंच मी भिंतीकडे तोंड करून, हातानं चाचपत माप घेतलं. काकी मागून म्हणाल्या, "भिताडाकडं बघून कुनी माप घेतं व्हय? कसली शिंपीण तू!" पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

व्हायचं तेच झालं. पहिल्या ट्रायलला कच्चा कुर्ता दंडात अडकला. काकींचा चेहरा दुखण्यानं आक्रसला. मग त्यांनीच डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बघ बाई, एकदाची बघ आन् मोकळी हो."

मी बघितलं. टेप धरलेला माझा हात मध्येच थांबला. किती वेळ थांबला मला माहीत नाही, पण वर पाहिलं तेव्हा काकींचे डोळे उघडे होते आणि त्या आरशातून माझ्या थांबलेल्या हाताकडे बघत होत्या. ज्या बाईसमोर मी अर्धं आयुष्य ओढणी सावरत आले, ती माझ्यासमोर अशी उभी होती, आणि शरमेनं मान खाली माझीच गेली. मी भराभर आकडे लिहिले.

त्या कुर्त्यात मी जीव ओतला हे मात्र खरं. काकींना पदर हवा होता, म्हणून मी कुर्त्यालाच पदर शिवायचं ठरवलं. पण साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो आणि डॉक्टरांनी डाव्या खांद्यावर आणि हातावर वजन अजिबात नको म्हणून सांगितलं होतं. मग मी तो उजव्या खांद्यावर धरला, छातीवरून तिरका आणून डाव्या कमरेपाशी टाचला. डावी बाजू आपोआप झाकली गेली. कापड गडद जांभळं. पदराच्या काठाला रेशमाचं हलकं काम आणि बारीक गोटा, जरीचं जड काम नाहीच, कारण सुजलेल्या हाताला जरीचं टोक लागलं तरी जखम चिघळते. बाही सैल, मनगटाशी नाजूक वेल, आत जुन्या मलमलीचं अस्तर. प्रत्येक ट्रायलला मी विचारायची, "काकी, टोचत तर नाही ना?" त्या मान हलवायच्या.

"उजव्या खांद्यावर गुजराती बाया घेत्यात पदर," असं एकदा म्हणाल्या, पण हात मात्र त्या पदरावरून फिरत होता.

मग माझ्या लक्षात आलं की एक बाजू बसकी दिसते. पदर असूनही फोटोत दिसेल. मी मलमलीची एक उशी शिवली, छातीच्या आकाराची. नुसता कापूस भरला तर ती हलकी पडून वर सरकते, म्हणून वजनासाठी आत थोडी मोहरी भरली. अस्तराच्या आत खिसा करून ती बसवली. मंगल खूश झाली. काकी म्हणाल्या, "ते कशाला आनी?"

"सासूबाई, फोटो काढतील ना सगळे."

काकी गप्प बसल्या. मी तो होकार धरला. खरं सांगायचं तर उशी लावल्यावर कुर्ता असा काही सुरेख बसला की मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

साखरपुडा हायवेलगतच्या एका लॉनवर होता. मला आमंत्रण होतं, आणि मी माझाच एक भरजरी कुर्ता घालून मिरवत होते. काकी गाडीतून उतरल्या तेव्हा चार बायका वळून बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "कौसा, गुजरातीण झालीस का गं?" आणि काकी चक्क लाजल्या. श्रावणी धावत आली, "आजी, कसली भारी दिसतेस!" मी मागे उभी राहून ते माझंच कौतुक असल्यासारखं ऐकत होते.

मुलाकडची माणसं चाकणची. मुलाची आत्या मोठी मोकळी बाई. तिनं काकींना पाहिलं आणि कडकडून मिठी मारली. मी एक पाऊल पुढे झाले, पण काकी हसत होत्या. मग त्या स्टेजवर गेल्या, मुलामुलीच्या भोवतीनं फिरून दोघांना ओवाळलं, कुंकू लावलं. अंगठ्या घालायची वेळ झाली. एवढ्यात आत्याबाई खाली वाकल्या आणि त्यांनी पाटाजवळून चिमटीत काहीतरी उचललं.

"ही मोहरी कुठनं आली इथं?"

मी बघितलं. लाल गालिचावर, दोघांच्या पाटाभोवती मोहरीचे दाणे सांडले होते. काकी जिथून जिथून फिरल्या, तिथून तिथून.

"पाटाभोवती मोहरी कोण टाकतं?" आत्याबाईंचा आवाज चढला. "दृष्टीची मोहरी आहे का ही? कुणी केलं हे?" मुलाची आई उठून उभी राहिली. मागे कुजबुज सुरू झाली, आणि करणी हा शब्द माझ्या कानावर आला. मंगलचा चेहरा पांढरा पडला. मुलाच्या आईनं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, "थांब जरा."

मिठीत उशीची शिवण गेली होती. काकींना कळलंच नव्हतं. एक शब्द बोलायला हवा होता मी, काहीही. पण बोलायचं म्हणजे काकींचं गुपित सांगायचं, आणि न बोलायचं म्हणजे पोरीचं लग्न मोडताना बघायचं.

काकींनी खाली बघितलं. कुर्त्याच्या घेरातून अजून दोन दाणे पडले. त्यांनी काठी टेकली आणि सरळ उभ्या राहिल्या.

"माज्या अंगातनं सांडली ती," त्या म्हणाल्या. आवाज तोच, शिफ्टची माणसं उठवणारा. "माजी ही बाजू डाक्टरनी काढलीया. क्यान्सर झाल्ता. हितं उशी लावली व्हती, तिच्यातली मोहरी हाय. करनीबिरनी कुनी केली न्हाई. झाडून घ्या आन् पोरांना अंगठ्या घालू द्या."

मग आत्याबाईंनी हातातली मोहरी तशीच मुठीत मिटली आणि काकींच्या पायाला हात लावला. मुलाची आई खाली बसली. मला कुठून बळ आलं माहीत नाही, मी स्टेजवर गेले, गुडघ्यांवर बसले आणि ओढणीनं मोहरी गोळा करायला लागले. सगळ्यांच्या पायांत, माझ्या भरजरी कुर्त्यासकट. वर बघायची हिंमत नव्हती. काकी वाकून एवढंच म्हणाल्या, "मला नकोच व्हती गं ती उशी. तुमालाच पायजे व्हती."

अंगठ्या झाल्या. लोक जेवायला बसले. मी हात धुवायला गेले तर श्रावणी आली. तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"माप घेतलं तेव्हापासून."

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली, "आणि मला माहीत नव्हतं. मी तिला रोज फोनवर सांगत होते, आजी, हाताचा व्यायाम कर, आळस करू नकोस."

आजीनंच शपथ घातली होती, हे मला सांगता आलं असतं. धंद्यात तोंड बंद ठेवावं लागतं, हेही सांगता आलं असतं. दोन्ही खरं होतं. पण मी नळ सोडून पुन्हा तेच हात धुवायला लागले. ती निघून गेली. मी जेवण न करताच घरी आले. पुढे बरेच दिवस मी काकींच्या गल्लीतून जाणं टाळलं, आणि दुकानात कुणी फोटो बघून तसला पदरवाला कुर्ता मागितला तर कापड मिळत नाही असं सांगून टाकलं.

लग्नाच्या आधी दोघी आल्या. श्रावणी गाडी चालवत, काकी शेजारी. स्वेटर नव्हता. काकींनी श्रावणीचाच एक ढगळ सुती शर्ट घातला होता आणि वर साधी ओढणी.

"लग्नाला दुसरा शिव," काकी म्हणाल्या. "पदर तसाच उजव्या अंगाला. उशी न्हाई."

मी टेप घेऊन उठले तर श्रावणीनं हात पुढे केला. "मावशी, आजीचं माप मी घेते. कुठून कुठे धरायचं तेवढं सांगा."

मी तिला दाखवलं. खांदा कुठून धरायचा, दंडाला टेप ओढायची नाही, सैल ठेवायची. दोघी पडद्याआड गेल्या. मी वही घेऊन बाहेर उभी राहिले, ती आकडे सांगेल म्हणून. आतून काकी ओरडल्या, "हात गार हायेत तुजे!" मग शर्टाची बटणं निघाल्याचा बारीक आवाज, आणि मग काहीच नाही. त्या शांततेत मला माझा थांबलेला हात आठवला, आणि पोरीचाही थांबला असेल असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात श्रावणीचा आवाज आला.

"आजी, दुखतं का गं?"

"तितं काय कळतच न्हाई आता. लाव हात, लाव. पर दंड लय ठणकतो बघ. रातीचा झोपू देत न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनी इचारलंच न्हाई."

मी पडद्याबाहेर तशीच उभी राहिले. इतक्या ट्रायल झाल्या, कापड टोचतं का हे मी दरवेळी विचारलं होतं. दुखतं का, हे एकदाही नाही.

आतून श्रावणीनं पहिला आकडा सांगितला. मला तो ऐकू आला नाही. "पुन्हा सांग," मी म्हटलं.